कारखान्याचं फाटक कुठं संपतं?

२०१९च्या ऑगस्टमध्ये पूर ओसरल्यावर सांगलीच्या गणपती पेठेतल्या एका व्यापाऱ्याच्या गच्चीवर आम्ही दोन दिवस कागद वाळवत बसलो होतो. दोरीला चिमटे लावून बिलं, पावत्या, बँकेच्या स्लिपा टांगल्या होत्या. साठ्याचं रजिस्टर उघडायला गेलं की पानांचा लगदाच हातात यायचा. विमा कंपनीचा माणूस खाली उभा राहून साठ्याची नोंद मागत होता, आणि नोंद मालाबरोबरच बुडाली होती. त्या व्यापाऱ्याने काही निष्काळजीपणा केला नव्हता. २००५च्या पुराचं पाणी भिंतीवर कुठवर आलं होतं, ती खूण त्यांनी जपून ठेवली होती आणि त्या खुणेच्या वर फळ्या टाकून माल रचला होता. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं. जुनी खूण पाण्याखाली राहिली.

मी बावीस वर्षं सांगली, मिरज, कुपवाडमधल्या लहानमोठ्या धंद्यांचे हिशेब लिहिते. हळदीचे अडते, बेदाण्याचे व्यापारी, फौंड्रीवाले, मशीन शॉपवाले. आजोळ वाळवा तालुक्यातलं, भर उसाच्या पट्ट्यातलं. हवामान बदलतंय हे मला कुणी व्याख्यानात सांगावं लागलं नाही. २०१९च्या मे महिन्यात जत-आटपाडीकडच्या क्लायंटच्या खर्चात टँकरची बिलं होती, आणि तीनच महिन्यांनी सांगलीतल्या क्लायंटच्या खात्यात पुराचं नुकसान. जिल्हा एक, वर्ष एक. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरून ठेवते, म्हणून पडला तर एकदम कोसळतो आणि नाही पडला तर महिना महिना तोंड दाखवत नाही. धरणांतून पाणी केव्हा सोडलं, ओढे कुणी बुजवले, पूररेषेच्या आत प्लॉट कुणी पाडले, हेही पुराचे भागीदार आहेतच. पण त्या सगळ्याच्या वर आता पावसाचाच स्वभाव बदललेला आहे.

अशा जिल्ह्यात उद्योगांनी निसर्गासाठी काय करावं, असा प्रश्न निघाला की उत्तर ठरलेलं असतं. ५ जूनला झाडं. बॅनर, टोपल्या, खड्ड्याभोवती सात-आठ माणसं आणि एक रोप. झाडं लावू नका असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं असं की धंदा वर्षभर जे काम करतो त्याकडं बघा, एका दिवसाच्या कामाकडं नको. आणि आपल्याकडच्या उद्योगाचं वर्षभराचं काम त्याच्या कुंपणाच्या आत फार थोडं होतं. ते होतं उसाच्या फडात, द्राक्षाच्या बागेत, नदीत, माळावर. जबाबदारी मात्र आपण फाटकापाशी थांबवतो. माझा सगळा वाद या फाटकाशी आहे.

साखर कारखान्यापासून सुरुवात करते, कारण हा जिल्हा त्याच्याच चाकावर चालतो. एक टन उसात साधारण ७०० लिटर पाणी असतं. रस आटवताना ते वाफ होऊन निघतं आणि वाफ थंड केली की पुन्हा पाणी मिळतं. ते नीट निवळून वापरलं तर गाळपासाठी नदीचं पाणी जवळजवळ लागू नये. हे नवीन शास्त्र नाही; कारखान्यातल्या कुठल्याही केमिस्टला विचारा, तो सांगेल. राहिलेलं चिपाड, म्हणजे बगॅस, बॉयलरला जातं, त्यावर वीज होते, कारखाना आपल्यापुरती वापरून उरलेली विकतो. म्हणजे पाणी आणि ऊर्जा या दोन्ही बाबतींत ऊस स्वतःचा खर्च स्वतः भागवू शकणारं पीक आहे. फार थोड्या उद्योगांचं असं नशीब असतं.

अडचण सुरू होते ती मळीपासून, म्हणजे साखर काढल्यावर उरणाऱ्या घट्ट काळ्या पाकापासून. मळीतून एक लिटर अल्कोहोल काढलं की आठ ते बारा लिटर स्पेंटवॉश, म्हणजे डिस्टिलरीचं सांडपाणी, निघतो. काळपट तांबडा, उग्र वासाचा. तो नदीत गेला की त्यातली सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणू पाण्यातला प्राणवायू ओढून घेतात आणि मासे गुदमरतात. कृष्णेच्या माई घाटावर मी एका सकाळी ते पाहिलं आहे. आधी मासे पाण्याच्या वर तोंडं काढून आ वासत होते. कडेच्या पायरीवर एक बाई धुण्याचा पिळा तसाच हातात धरून बघत उभी होती. दुपारपर्यंत मासे उलटे होऊन कडेला लागले, पांढरी पोटं वर. त्या दिवशीचा दोष कुणाचा होता हे मला माहीत नाही, आणि शहाजोगपणे कुणा एकाचं नाव घेणं बरोबरही नाही. सांगली शहराचं सांडपाणी वाहणारा शेरीनाला किती वर्षं कृष्णेत मिसळतोय हे आपण सगळे जाणतो. पण शेरीनाला आहे म्हणून कारखाना सुटत नाही. स्पेंटवॉशमधून बायोगॅस काढता येतो, स्पेंटवॉश आटवून बॉयलरमध्ये जाळता येतो, प्रेसमडमध्ये, म्हणजे रस गाळून उरलेल्या गाळात, मिसळून खत करता येतं. एक थेंबही बाहेर सोडायचा नाही असा नियमही आहे. यंत्रणा बसवलेल्या आहेत. प्रश्न त्या रोज चालतात का, हा आहे. पंप नादुरुस्त झाला, टाकी भरत आली, दुरुस्तीला चार दिवस लागणार आणि डिस्टिलरी बंद ठेवायची नाही, त्या चार दिवसांत काय होतं?

म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे. हंगामात कारखान्याच्या फाटकावर फळा असतो. आजचं गाळप, आजअखेर गाळप, उतारा, म्हणजे उसातून किती टक्के साखर निघाली ते. शेतकरी येता-जाता तो फळा वाचतात, शेजारच्या कारखान्याच्या उताऱ्याशी ताडून बघतात आणि पॉइंट दोनाच्या फरकावरून चहाच्या टपरीवर तासभर भांडतात. त्याच फळ्यावर आणखी दोन ओळी लिहा: आज नदीतून किती पाणी उचललं आणि आज किती स्पेंटवॉश तयार झाला, त्याचं काय केलं. मीटर आहेत, आकडे प्रदूषण मंडळाला जातातच. ते सभासदालाही दिसू देत. उताऱ्यावरून भांडणारी माणसं पाण्यावरूनही भांडायला लागतील, आणि ते भांडण मला हवं आहे.

आता फाटकाच्या बाहेर. ऊस तुटला की शेतात पाचट उरतं, हेक्टरी आठ-दहा टन. बहुतेक ठिकाणी संध्याकाळी काडी लावतात. इस्लामपूर ते आष्टा रस्त्याने जानेवारी-फेब्रुवारीत रात्री प्रवास केलेला कुणीही ते लाल पट्टे आणि डोळ्यांची चुरचुर सांगू शकेल. धूर होतो तो वेगळाच, पण जमिनीचा सेंद्रिय कर्ब जळतो, गांडुळं जातात, आणि खोडव्याला, म्हणजे तोडलेल्या बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या उसाला, पुढं उन्हाळ्यात दोन पाणी जास्त लागतात. याला पर्याय आमच्या मामांच्या शेतात नऊ वर्षं चालू आहे. बुडखे जमिनीलगत छाटायचे, पाचट सरीत दाबायचं किंवा कुट्टी करायची, त्यावर थोडा युरिया, सुपर फॉस्फेट आणि जिवाणूंचं कल्चर टाकायचं. पावसाळ्यापर्यंत ते कुजून काळी माती होतं. एप्रिलमध्ये मामा ते पाचट हाताने बाजूला करतात आणि खालची माती मुठीत दाबून दाखवतात. भर उन्हाळ्यात तिचा लाडू वळतो. शेजारच्या जाळलेल्या रानातली ढेकळं पायाखाली फुटतात.

मग सगळे का करत नाहीत? कारण कुट्टीचं यंत्र भाड्याने वेळेवर मिळत नाही, मजूर मिळत नाही, आणि पाणी द्यायची घाई असते. एकट्या शेतकऱ्याला हे जड जातं. कारखान्याला जात नाही. या देशात कुठल्या उद्योगाकडं आपल्या कच्च्या मालाची इतकी बारीक नोंद असेल? कुणाच्या गटात किती गुंठे, लागण की खोडवा, जात कोणती, लागणीची तारीख काय, तोड कधी येणार, सगळं चिटबॉयच्या, म्हणजे ऊस नोंदणाऱ्या कारखान्याच्या माणसाच्या, वहीत आणि कारखान्याच्या संगणकावर असतं. टोळी कुठल्या दिवशी कुठल्या फडात जाणार हे कारखानाच ठरवतो. मग टोळीमागं दुसऱ्याच दिवशी कुट्टीचं यंत्र पाठवणं का अवघड आहे? जळीत ऊस आला की कपात लावतातच. तसंच पाचट राखणाऱ्याला तोडीच्या क्रमात थोडा पुढचा नंबर द्या, टनाला थोडा जादा दर द्या. ठिबक करणाऱ्याला द्या. शेतकरी तोडीच्या तारखेसाठी काय काय करतो हे ज्याने पाहिलंय त्याला या एका गोष्टीची ताकद समजावून सांगायला नको.

हे कल्पनेतलं नाही. शेजारच्या शिरोळ तालुक्यात श्री दत्त साखर कारखान्याने जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून क्षारपड जमिनी पुन्हा पिकाखाली आणण्याचं काम शेतकऱ्यांना एकत्र करून केलं. क्षारपड हा एकट्याने सुटणारा प्रश्नच नाही. माझ्या रानाचा निचरा तुमच्या रानातून जातो, सगळे तयार झाले तरच पाइप ओढ्यापर्यंत पोचतो. तिथं कारखान्याने आपलं फाटक शेताच्या बांधापर्यंत नेलं. आपल्याकडं मिरज, पलूस, वाळवा या पट्ट्यात मिठाने पांढरी पडलेली हजारो हेक्टर जमीन आहे, आणि कसबे डिग्रजचं संशोधन केंद्र हाकेच्या अंतरावर आहे. मग कोण कुणाची वाट बघतंय?

शेतकरी नोंदी ठेवत नाहीत, त्यांना हे जमणार नाही, असं मला एका कारखान्याच्या अधिकाऱ्याने सांगितलं होतं. त्यांनी तासगावला जाऊन बघावं. २०१० साली युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या रसायनाचा अंश सापडला आणि माल अडकला. त्या हंगामात पोळलेल्या बागायतदारांची खाती मी लिहिली आहेत, त्यामुळे आठवण पक्की आहे. पुढं काय झालं? निर्यातीची प्रत्येक बाग अपेडा या केंद्राच्या निर्यात संस्थेच्या, आधीपासूनच असलेल्या ग्रेपनेट या ऑनलाइन यंत्रणेवर नोंदवायची, कुठली फवारणी कधी घेतली ते लिहून ठेवायचं, काढणीआधी नमुना प्रयोगशाळेत द्यायचा, हे सातवी-आठवी शिकलेल्या बागायतदाराने अंगवळणी पाडून घेतलं. खरेदीदाराने विचारलं म्हणून बाग बदलली. सरकारी पत्रकं आधीही होतीच.

खरेदीदाराचा प्रश्न हे असं हत्यार आहे. म्हणून मोठ्या कंपन्यांबद्दल मला जास्त बोलायचं आहे. शेअर बाजारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सेबीने बाजारमूल्याने पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल २०२२-२३पासून बंधनकारक केला. युरोपने लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं अशा आयात मालावर कार्बनचा हिशेब मागायला ऑक्टोबर २०२३पासून सुरुवात केली आणि २०२६पासून त्याचे पैसे मोजण्याचा टप्पा आला. याचा परिणाम म्हणून कुपवाडच्या वर्कशॉपमध्ये फॉर्म येतात. किती युनिट वीज, किती डिझेल, किती भंगार, पाणी किती. माझ्याकडं असे फॉर्म घेऊन आलेले दोन-तीन मालक अक्षरशः हवालदिल होते. फॉर्म येतो त्याच महिन्यात त्याच कंपनीच्या खरेदी विभागाचं दुसरं पत्र येतं: यंदा दरात तीन टक्के कपात द्या. एका हाताने स्वच्छ माल मागायचा आणि दुसऱ्या हाताने तो स्वच्छ करायचे पैसे काढून घ्यायचे, हे चालणार नाही. ज्याला पुरवठादाराचा कार्बन कमी हवा आहे त्याने तीन वर्षांची पक्की ऑर्डर द्यावी आणि पंचेचाळीस दिवसांत पैसे द्यावेत. पैसे वेळेवर आले तर आमचा मालक जुनी भट्टी बदलायला बँकेत जाऊ शकतो. नाही आले तर तो पगाराच्या मागं असतो.

तरीही लहान कारखानदाराला हात बांधून बसायचं कारण नाही. एका रविवारी मी कुपवाडमधल्या एका क्लायंटकडं स्टॉक मोजायला गेले होते. सगळी मशीनं बंद, कामगार सुट्टीवर. कोपऱ्यात कॉम्प्रेसर मात्र थोड्या थोड्या वेळाने आपोआप सुरू होत होता. काम कुणी करत नव्हतं, तर हवा कोण खात होतं? मालकांनी साबणाच्या पाण्यात ब्रश बुडवून जोड तपासले. नऊ ठिकाणी बुडबुडे आले. शॉपमधल्या कॉम्प्रेस्ड हवेची वीस-तीस टक्के गळती ही काही दुर्मीळ गोष्ट नाही, ऊर्जा तपासणीवाले हेच सांगतात. रबरी सील, क्लिपा, दोन पाइप बदलले आणि पुढच्या महिन्याचं बिल खाली आलं. हवामान बदलावरचा उपाय म्हणून कुणी त्याचा फोटो काढणार नाही. पण एमआयडीसीतल्या प्रत्येक शेडमध्ये हे झालं, शेडच्या पत्र्यावर सौर पॅनेल बसले आणि फौंड्रीची वापरलेली वाळू ओढ्याच्या कडेला न टाकता पुन्हा वापरात आली, तर त्याची बेरीज मोठी होते.

सौर पॅनेल पत्र्यावर म्हणाले ते मुद्दाम. हवामानासाठी चांगलं ते निसर्गासाठी चांगलं असेलच असं नाही, आणि या फरकाकडं आपण फार दुर्लक्ष करतो. साताऱ्याकडं चाळकेवाडीच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, आपल्याकडं ढालगावच्या माळावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्यांची वीज मला हवीच आहे. पण सड्याच्या खडकावरची दोन बोटं माती, तिच्यात पावसाळ्यात उगवणारी फुलं, पाणी झिरपणारे खळगे हे रस्ता कापताना एकदा गेले की परत आणता येत नाहीत. कासचं पठार २०१२ साली जागतिक वारशात गेलं, तशाच बाकीच्या सड्यांना मात्र ‘मोकळी जागा’ म्हणतात. जत-आटपाडीच्या माळाचंही तेच. सरकारी कागदावर पडीक. प्रत्यक्षात तिथं लांडगा आहे, खोकड आहे, आणि माडग्याळी मेंढीचं पोट त्याच गवतावर आहे. आटपाडीत तर सरकारनेच संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर केलंय. अशा माळावर सौर प्रकल्प टाकण्याआधी गोदामांचे, बेदाणा शेडचे, कोल्ड स्टोरेजचे पत्रे मोजा. आणि सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यासाठी काढलेल्या, पैशातून त्या माळावर गिरिपुष्पाची रोपं लावून त्याला वनीकरण म्हणू नका. ज्या जमिनीचा धर्मच गवत आहे तिथं झाडांची दाटी करणं म्हणजे मेंढपाळाचं कुरण बुडवणं.

सीएसआरचा कायदा म्हणतो, मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के. सहकारी साखर कारखाने कंपनी कायद्याखाली येत नाहीत, त्यामुळे त्यांना तेही लागू नाही. पण २ टक्क्यांवरच चर्चा करत राहिलो तर उरलेल्या ९८ टक्क्यांचं काय, हे विचारायचं राहून जातं. तो नफा कसा झाला, त्यासाठी किती पाणी उचललं, किती धूर सोडला, हा माझा प्रश्न आहे.

कारखानदारांची बाजूही मांडायला हवी. साखरेचा किमान विक्री दर २०१९पासून कित्येक वर्षं किलोला ३१ रुपयेच राहिला आणि एफआरपी, म्हणजे उसाला द्यायचा किमान दर, मात्र वाढत गेली. ताळेबंद मी वाचते, त्यात फार जागा नाही हे मला दिसतं. पण पाचट कुट्टीचं यंत्र, पाण्याचा पुनर्वापर, गळती थांबवणं यांतला बराचसा खर्च काही हंगामांत परत येतो. आणि न करण्याचाही खर्च असतो, तो फक्त वेगळ्या नावाखाली लिहिला जातो.

हरिपूरची पेवं आठवा. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळची ती माती अशी की जमिनीत खोल खड्डा घेऊन हळद भरली तर वर्षानुवर्षं कीड लागायची नाही, रंग उतरायचा नाही. विजेचं एक युनिट लागायचं नाही. पेव उघडलं की लगेच कुणी उतरायचं नाही. आतली हवा बदलू द्यायची, कंदील सोडून बघायचा, तो विझला नाही तरच माणूस खाली जायचा. या पेवांच्या जोरावर सांगलीने देशाला हळदीचे भाव सांगितले. २००५च्या पुरात पेवांत पाणी शिरलं, हळद नासली आणि तो धंदा कायमचा मोडत गेला. आज तीच हळद गोदामात आणि कोल्ड स्टोरेजमध्ये आहे. माझ्या क्लायंटच्या नफा-तोटा पत्रकात भाडं, वीजबिल, विमा या तीन ओळी दर वर्षी येतात. पेवाच्या काळच्या जुन्या वहीत त्या तिन्ही ओळी नव्हत्या. जमीन ते काम फुकट करत होती.

मामा गेली चाळीस वर्षं कारखान्याचे सभासद आहेत. सभेला जायचं, अहवालावर नजर टाकायची, साखरेच्या वाटपाची तारीख विचारून परत यायचं, एवढंच त्यांनी आजवर केलं. यंदा आम्ही दोघांनी बसून लेखी प्रश्न तयार केला. गेल्या हंगामात गाळपाच्या प्रत्येक टनामागे नदीतून किती लिटर पाणी उचललं? किती एकर खोडव्यात पाचट राखलं गेलं आणि त्यासाठी कारखान्याने काय केलं? डिस्टिलरीची सांडपाणी यंत्रणा किती दिवस बंद होती? तीनच वाक्यं. अक्षर माझं, सही मामांची. ऑफिसातल्या क्लार्कने दोनदा वाचून विचारलं, “तात्या, हा प्रश्न कुठल्या विषयाखाली घेऊ?” मामा म्हणाले, “वार्षिक अहवालाखालीच घे. उसाबरोबर पाणीही आमचंच येतंय की तुमच्याकडं.” क्लार्कने आवक शिक्का मारून पोच दिली. ती मामांनी उसाच्या बिलांच्या फाइलीत लावून ठेवली आहे. सभा सप्टेंबरात आहे.